टेक्सासची रेड वाइन कशी चाखावी: ग्रेपफेस्टला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

डॅलसच्या आसपास सप्टेंबर उजाडला की मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन विषय चालतात. एक, मंडळाच्या गणपतीची वर्गणी, दुसरा, "ग्रेपफेस्टला कोण कोण येतंय?" पहिल्या विषयावर सगळेच तज्ज्ञ. दुसऱ्यावर मात्र नव्याने आलेली मंडळी दरवर्षी तेच प्रश्न विचारतात: तिकीट कुठलं काढायचं, काय प्यायचं, थुंकलं तर चालतं का, गाडी न्यायची का. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

ग्रेपफेस्ट हा वाइनचा उत्सव भरतो डॅलस-फोर्टवर्थ विमानतळाला खेटून असलेल्या ग्रेपव्हाइन गावात, जुन्या मेन स्ट्रीटवर. १९८७ पासून चालू आहे, सप्टेंबरच्या मध्यावर चार दिवस असतो. माझं म्हणणं एवढंच की तिथे टेक्सासच्या मातीत पिकलेल्या द्राक्षांची वाइन चाखायला जा. कॅलिफोर्नियाची वाइन कुठल्याही सुपरमार्केटात बाराही महिने मिळते, त्यासाठी उन्हात उभं राहायची गरज नाही. त्यामुळे टेबलापाशी पोचल्यावर पहिला प्रश्न एकच: द्राक्षं कुठली?

१. तिकीट काढताना नीट वाचा

प्रवेशाचं तिकीट म्हणजे वाइनचं तिकीट नव्हे. प्रवेश घेऊन तुम्ही रस्त्यावर फिराल, गाणी ऐकाल, द्राक्षं पायाने तुडवायची स्पर्धा बघाल (जोडीजोडीने हौदात उतरतात, बघायला मजा येते). वाइनचे पैसे वेगळे.

तुम्हाला हवी आहे ती 'पीपल्स चॉइस वाइन टेस्टिंग क्लासिक' ही वाइन चाखण्याची स्पर्धा. हिचं तिकीट स्वतंत्र असतं आणि ठरावीक वेळेचं असतं. इथे फक्त टेक्सासच्या वाइनरीज येतात, आणि निकाल जाणकार परीक्षक देत नाहीत, चाखणारे लोकच मत देतात. तिकिटावर किती घोट मिळतात, ग्लास मिळतो का, वेळ किती, हे काढण्याआधी वाचा.

पर्याय असेल तर दिवसाची पहिली वेळ घ्या. ऊन कमी, गर्दी कमी, आणि वाइन ओतणाऱ्यांना बोलायला फुरसत. शनिवार संध्याकाळची वेळ मित्रांबरोबर दंगा करायला ठीक. चव कळण्यासाठी नाही.

२. सोबत काय न्यायचं

- वयाचा मूळ पुरावा: टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी, नाहीतर पासपोर्ट. वयाची अट २१ वर्षं. फोनमधला फोटो, झेरॉक्स, आधार कार्ड, मुदत संपलेलं लायसन्स यातलं काहीही दाखवून उपयोग नाही.
- पाण्याची बाटली. (बाहेरून काय आणू देतात ते त्या वर्षीच्या नियमांत बघा, नाही आणू दिलं तर आत विकत घ्या, पण घ्याच.)
- टोपी, सनस्क्रीन, आरामाचे बूट. सप्टेंबरमध्येही पारा ३५ पर्यंत जातो.
- गडद रंगाचा शर्ट किंवा कुर्ता. पांढरा घालून गेलात तर तो नंतर धुळवडीलाच वापरायचा.
- नोंदी करायला फोन किंवा छोटी वही.

आई-बाबा भारतातून आले असतील आणि बरोबर येणार असतील तर त्यांचेही मूळ पासपोर्ट घ्या. सत्तरीच्या बाबांनाही वय विचारतात. त्यांना आधी गंमत वाटते, मग राग येतो.

अत्तर, परफ्यूम, वासाचा आफ्टरशेव्ह लावू नका. तुमचं नाक बंद होतंच, शेजारच्याचंही होतं.

आणि घरून जेवून निघा. वरण-भात-तूप उत्तम, दहीपोहे चालतील. मिसळ नको. तिखटाने जीभ आधीच पेटलेली असेल तर वाइनमधलं अल्कोहोल आणखी झोंबतं आणि तुरटपणा दुप्पट जाणवतो.

३. जायची-यायची सोय तिकिटाच्या आधी ठरवा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण व्हिसावर असलेल्यांनी सगळ्यात लक्ष देऊन वाचावा.

टेक्सासमध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ टक्के आहे. त्याखाली असलात तरी गाडी चालवताना तोल गेलेला दिसला तर पोलीस धरू शकतात. आणि एच-१बी, एफ-१ वगैरे व्हिसावर असाल तर गोष्ट कोर्टापुरती राहत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाल्याची नोंद पोचली तरी अमेरिकेचं परराष्ट्र खातं पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. गुन्हा शाबित व्हायची वाट बघायची त्यांना गरज नाही. लगेच देश सोडावा लागतो असं नाही, पण पुढच्या वेळी भारतात गेलात की स्टॅम्पिंगसाठी नव्याने उभं राहा, ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या, आणि तोवर तिकडेच अडकून बसा.

आयर्विंग-लास कोलिनासकडच्यांना सोपं आहे. डार्टची (डॅलसच्या लोकल रेल्वेची) ऑरेंज लाइन विमानतळाच्या टर्मिनल ए पर्यंत जाते. तिथून जवळच टर्मिनल बी ला टेक्सरेल पकडा. २०१९ पासून ती गाडी ग्रेपव्हाइनच्या मेन स्ट्रीटला थांबते. स्टेशनातून बाहेर पडलात की उत्सवातच. फोर्टवर्थकडचे तर थेट टेक्सरेलने येऊ शकतात. शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा. फ्रिस्को-प्लेनोहून येणारे बहुतेक जण गाडीनेच येतात. मग चौघांत एकाने आधीच ठरवून घोटही घ्यायचा नाही. "मी फक्त थोडीशी" म्हणणारा माणूस चालक नसतो.

थोडा हिशेब. चाखायला ओततात तो घोट साधारण एक औंस, म्हणजे ३० मिली. असे बारा घोट पोटात गेले तर ३६० मिली झाले, जवळपास अर्धी बाटली. टेक्सासच्या रेड वाइनमध्ये अल्कोहोल बऱ्याचदा १४ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे अमेरिकन मापाने तुम्ही जवळजवळ तीन पूर्ण पेगांइतकं घेतलंत. घोट लहान दिसतो म्हणून बेरीज लहान होत नाही.

४. लेबल वाचायला शिका

सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि ती बेकायदाही नसते.

टेक्सासमध्ये वाइनरीज झपाट्याने वाढल्या. द्राक्षं तेवढ्या वेगाने वाढली नाहीत. वेलीला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, त्यात एखाद्या वर्षी उशिराची थंडी किंवा गारपीट आली की हातचं पीक जातं. मग काही जण कॅलिफोर्नियाहून द्राक्षं, रस किंवा तयार वाइन आणून इथे बाटलीत भरतात. बाटलीवर टेक्सासचा तारा, घोडा, नाल सगळं असतं. म्हणून चित्राकडे बघू नका, बारीक अक्षरं वाचा.

'टेक्सास' असं मूळ ठिकाण छापलं असेल तर केंद्र सरकारच्या नियमानुसार किमान ७५ टक्के द्राक्षं टेक्सासची असावी लागतात. 'टेक्सास हाय प्लेन्स' किंवा 'टेक्सास हिल कंट्री' असं अधिकृत द्राक्षप्रदेशाचं नाव असेल तर किमान ८५ टक्के तिथली. द्राक्षाच्या जातीचं नाव असेल तर सर्वसाधारणपणे ७५ टक्के ती जात. मूळ ठिकाण 'अमेरिकन' एवढंच असेल तर द्राक्षं देशात कुठूनही आलेली असू शकतात. आणि 'फॉर सेल इन टेक्सास ओन्ली' हे वाक्य दिसलं की सावध व्हा. वाचताना वाटतं, वा, खास आपल्यासाठी! पण जी वाइन राज्याबाहेर विकायचीच नाही तिला लेबलाच्या काही केंद्रीय अटींतून सूट मिळते, त्यामुळे द्राक्षं कुठली हे सांगायचं टाळता येतं. अशी प्रत्येक बाटली बाहेरच्या द्राक्षांचीच असते असं नाही. तोंडी विचारा.

'एस्टेट बॉटल्ड' म्हणजे द्राक्षं वाइनरीच्या स्वतःच्या किंवा ताब्यातल्या मळ्यातली, आणि वाइनही तिथेच केलेली. 'प्रोड्यूस्ड अँड बॉटल्ड बाय' म्हणजे किमान ७५ टक्के वाइन त्यांनी स्वतः आंबवलेली. 'सेलर्ड' किंवा 'विंटेड' असं असेल तर तयार वाइन विकत आणून साठवून भरलेलीही असू शकते.

आता प्रदेशांबद्दल. टेक्सासची बहुतांश वाइनची द्राक्षं लबकच्या आसपास, हाय प्लेन्सवर पिकतात. समुद्रसपाटीपासून तीन ते चार हजार फूट उंच, कोरडं पठार. दिवसा रणरणतं ऊन आणि रात्री गारवा. त्या गारव्यामुळे द्राक्षांत आंबटपणा टिकतो, नाहीतर या उष्णतेत नुसती साखर वाढली असती. शेजारी मैलोनमैल कापूस आहे, आणि त्यावर मारलेलं तणनाशक वाऱ्याने वेलींवर येतं, ही तिथल्या बागायतदारांची जुनी कटकट. हिल कंट्री हा दुसरा प्रदेश, फ्रेडरिक्सबर्गच्या भोवतालचा. १९९१ साली अधिकृत झाला, आकाराने अवाढव्य, सुमारे ९० लाख एकर, पण त्यात मळे तुरळक विखुरलेले. पर्यटक जातात फ्रेडरिक्सबर्गला, द्राक्षं मात्र अनेकदा लबकहून ट्रकने आलेली असतात. यात लपवण्यासारखं काही नाही. चांगले वाइनरीवाले स्वतःहून मळ्याचं नाव सांगतात.

५. कुठली द्राक्षं शोधायची

टेक्सासमध्ये कॅबर्ने सोविन्यों भरपूर लावलंय, कारण ते नाव विकतं. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने ते टाळावं. कॅबर्ने जगभर मिळते आणि तुलना लगेच कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याशी होते. इथल्या उन्हाला मानवलेल्या स्पेन, इटली, दक्षिण फ्रान्सच्या जाती घ्या.

टेम्प्रानीयो ही मूळ स्पेनची. टेक्सासला स्वतःची ओळख देणारी जात कुठली असं विचारलं तर बरेच जण हिचंच नाव घेतात. लवकर पिकते, पण कोंबही लवकर फुटतात, त्यामुळे वसंतातल्या उशिराच्या थंडीत सापडते. चव मध्यम अंगाची, म्हणजे ना हलकी ना जड: सुकी चेरी, चामडं, थोडी तंबाखू. अमेरिकन ओकच्या पिंपात ठेवली असेल तर नारळाचा आणि व्हॅनिलाचा वास येतो. तो द्राक्षाचा नव्हे, लाकडाचा. कोकणातल्या नाकाला तो नारळ सगळ्यांआधी सापडतो.

मुर्वेद्र उशिरा फुटते, म्हणून थंडीच्या तडाख्यातून वाचते, आणि ऊन झेलते. मातकट, काळीमिरी, थोडी रानटी. पहिल्या घोटाला आवडेलच असं नाही. सांज्योवेझे इटलीची, आंबट, हलकी, पिझ्झाबरोबर छान. तनात जाड सालीची, रंग काळाकुट्ट, तुरटपणा एवढा की हिरड्या आवळून येतात. मला ती मनापासून आवडते, घरात कुणालाच आवडत नाही.

आणि ब्लॅक स्पॅनिश, जिला लनुआर असंही म्हणतात, ती चाखल्याशिवाय परत येऊ नका. टेक्सासच्या दक्षिणेत आणि आखाताच्या बाजूला पिअर्सेस डिसीज नावाचा रोग आहे. किडीमार्फत एक जीवाणू वेलीत शिरतो, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबवतो आणि युरोपीय वेली मरतात. ब्लॅक स्पॅनिश ही अमेरिकन रक्ताची संकरित जात तिथे तग धरते. मेक्सिकोच्या सीमेवरच्या डेल रिओ गावातली वाल वर्दे वाइनरी १८८३ पासून चालू आहे आणि या जातीसाठी ओळखली जाते. रंग शाईसारखा, आंबटपणा चढा. पोर्ट नावाच्या गोड, कडक वाइनच्या पद्धतीने केलेली असेल तर सगळ्यात छान लागते.

नाशिक-सांगलीच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा झोपवल्या. कीड गेली होती अमेरिकेहून, आणि उतारही अमेरिकेहूनच गेला: इथल्या रानवेलींच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षांची कलमं बांधायची. त्या कामात डॅलसच्या उत्तरेला डेनिसन गावी राहणाऱ्या थॉमस व्होल्नी मन्सन यांचा वाटा मोठा. मध्य टेक्सासच्या चुनखडीच्या जमिनीत वाढणाऱ्या रानवेली त्यांनी फ्रान्सच्या कोन्याक भागासाठी सुचवल्या, आणि १८८८ साली फ्रेंच सरकारने त्यांचा सन्मान केला. आता आपल्याकडे या. निफाड किंवा तासगावला तुमच्या काकांची बाग असेल तर खाली खुंट बहुधा 'डॉगरिज'चा आहे. तो डॉगरिज मूळचा टेक्सासच्या बेल काउंटीतला. टेबलामागे प्रत्यक्ष बागायतदार उभा असेल तर त्याला हे सांगून बघा. पुढची दहा मिनिटं तो तुम्हाला सोडणार नाही. गारपीट, पाणी, मजूर, सगळे विषय ओळखीचे निघतात.

६. क्रम लावा, मग घोट घ्या

आधी हलक्या, मग जड; आधी कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या), मग गोड. सांज्योवेझे, टेम्प्रानीयो, मुर्वेद्र, तनात, आणि शेवटी पोर्ट पद्धतीची ब्लॅक स्पॅनिश, असा क्रम बसतो. गोड वाइन मध्येच घेतलीत तर पुढची प्रत्येक कोरडी वाइन आंबटढाण लागेल. गोड रेड आवडते यात लाजण्यासारखं काही नाही, इथल्या रांगा तिथेच सर्वांत लांब असतात. फक्त ती शेवटी घ्या.

ग्लास दांड्याला धरा, गोल फिरवा, वास घ्या. मग छोटा घोट तोंडात सगळीकडे खेळवा. तीन गोष्टी तपासा. तोंडाला पाणी सुटलं तर आंबटपणा चांगला. हिरड्या आणि गाल कोरडे पडले तर तो सालीचा आणि बियांचा तुरटपणा, ज्याला टॅनिन म्हणतात. घशात जाळ झाला तर अल्कोहोल. तिन्हींपैकी एकच लक्षात राहत असेल तर वाइन तोलात नाही. वासासाठी इंग्रजी फळांची नावं आठवत बसू नका. जांभूळ, करवंद, आमसूल, लवंग, तमालपत्र, पहिल्या पावसाची माती, जे आठवेल ते लिहा.

मग थुंका. टेबलावर छोटी बादली असते ती त्यासाठीच. 'येथे थुंकू नये' वाचत मोठे झालेल्यांना हे जड जातं, पण तिथे ते चांगल्या चाखणाऱ्याचं लक्षण मानतात. ग्लासात उरलेली वाइनही त्यातच ओता, ओतणाऱ्याला वाईट वाटत नाही. थुंकायला अगदीच संकोच वाटत असेल तर अर्धा घोट घ्या, उरलेला ओतून द्या. दर दोन घोटांनंतर पाणी, मध्ये साधा पाव किंवा क्रॅकर. आठ-दहा तुरट वाइननंतर जीभ थकते; तेव्हा थांबा, घोट शिल्लक असले तरी.

उन्हाचा एक सापळा आहे. रेड वाइन चांगली लागते १५ ते १८ अंशांवर. उघड्यावर तासभर राहिलेली बाटली तिशी ओलांडते आणि मग अल्कोहोलच नाकात शिरतं. ग्लास हाताला कोमट लागला तर बर्फाजवळची किंवा नुकती उघडलेली बाटली आहे का विचारा. कोमट वाइनवरून वाइनरीला नापास करू नका.

७. टेबलापाशी काय विचारायचं

ओतणारी मंडळी अनेकदा स्वयंसेवक असतात. त्यांना सगळं माहीत असेलच असं नाही. वाइनरीचा माणूस कोण ते बघा आणि विचारा: द्राक्षं कुठल्या मळ्यातली? कुठल्या वर्षीची? ओक अमेरिकन की फ्रेंच? पहिल्याचं उत्तर गोलमोल आलं तर धन्यवाद म्हणून पुढे जा.

कडक शाकाहारी असाल तर आणखी एक प्रश्न. वाइन स्वच्छ करण्यासाठी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासून केलेला आयसिंग्लास वापरतात, आणि अमेरिकेत ते लेबलावर लिहिण्याची सक्ती नाही. लेबलावर 'अनफाइन्ड', म्हणजे यातलं काहीही न वापरलेली, असं असेल तर हा प्रश्न मिटला.

८. बाटली घ्यायची असेल तर

तिथल्या तिथे डझनभर घेऊ नका. आवडलेल्यांचे लेबलचे फोटो काढा, खाली एक ओळ लिहा आणि दुसऱ्या दिवशी वाचा. आदल्या दिवशी 'अप्रतिम' वाटलेल्यांपैकी निम्म्या तेव्हा आठवतही नाहीत. घेतलीच तर बाटली गाडीत तापू देऊ नका, सप्टेंबरच्या उन्हात बंद गाडीत ती तासाभरात बिघडू शकते. उघडलेली बाटली डिकीतच ठेवा. टेक्सासमध्ये प्रवासी बसतात त्या भागात उघडी दारू असणं हा गुन्हा आहे, तुम्ही प्यायलेले नसलात तरी. भारतात न्यायची असेल तर चेक-इन सामानात. तिकडे माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात.

९. टेक्सासमध्ये नसाल तर

हीच पद्धत कुठेही चालते, फक्त द्राक्षं बदला. मिझुरीत नॉर्टन शोधा. ती मूळ व्हर्जिनियातल्या रिचमंडची, आणि २००३ पासून मिझुरीचं अधिकृत राज्य-द्राक्ष आहे. देशातला पहिला अधिकृत द्राक्षप्रदेशही नापा नव्हे, मिझुरीतलं ऑगस्टा, १९८० सालचं. न्यूयॉर्कच्या फिंगर लेक्सला जुलैत वॉटकिन्स ग्लेनच्या मोटार शर्यतीच्या मैदानावर उत्सव भरतो. तिथे कॅबर्ने फ्रां आणि लेंबर्गर घ्या. न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे शांबुर्सें. मिनेसोटात 'मार्केट' (Marquette) नावाची जात, जी तिथल्या विद्यापीठाने कडाक्याच्या थंडीसाठी तयार करून २००६ साली बाहेर आणली. ओरेगॉनमध्ये पिनो न्वार. तिथे राज्याचे लेबलाचे नियम केंद्रापेक्षा कडक आहेत, पिनो न्वार लिहायची तर ९० टक्के तीच जात लागते, त्यामुळे चौथ्या पायरीतली निम्मी डोकेदुखी वाचते.